वडिलांना एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले: तज्ज्ञांच्या वेळेसाठी तीन आठवडे थांबावे का?

आपण लिहिलेली हकीकत मला अशी समजली आहे. वडिलांचे वय 71 आहे. पाच दिवसांपूर्वी सकाळी उठल्यावर त्यांच्या उजव्या कानात दडा बसल्यासारखे झाले. नेहमीच्या सवयीने त्यांनी फोन त्या कानाला लावला, तेव्हा पलीकडचे बोलणे अजिबात कळले नाही. कानात शिट्टीसारखा आवाज सतत चालू आहे, मात्र दुखत नाही आणि स्रावही नाही. त्याआधी आठवडाभर सर्दी होती. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सर्दी आणि वय अशी दोन कारणे सांगून गोळ्या व कानात घालायचे थेंब दिले. कानाच्या तज्ज्ञांची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली आहे. वडिलांना मधुमेह असल्यामुळे स्टिरॉइडची आपल्याला धास्ती वाटते, आणि तोवर थांबलो तर चालेल का, हा आपला प्रश्न आहे.

थांबू नका, हे माझे उत्तर आहे. आज किंवा फार तर उद्या कुणीतरी त्यांच्या कानात प्रत्यक्ष पाहून श्रवणतपासणी केली पाहिजे. मी अनेक वर्षे कान-नाक-घसा विभागात काम करतो आहे आणि न तपासता इंटरनेटवरून निदान करणे मला पटत नाही. वडिलांचा कान मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांना नेमके काय झाले आहे हे मी सांगू शकत नाही. परंतु आपण वर्णन केलेल्या लक्षणांमध्ये एक शक्यता अशी आहे, की तिच्यात उपचाराची संधी दिवसांनी मोजावी लागते. ती शक्यता खोटी ठरली तर एक फेरी वाया जाईल. ती खरी असेल आणि आपण तीन आठवडे थांबलात, तर ऐकू येणे परत मिळण्याची बरीचशी आशा त्या प्रतीक्षेतच संपलेली असेल.

अचानक ऐकू येईनासे होण्याचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात आवाज आतपर्यंत पोहोचतच नाही: कानाच्या नळीत मळ घट्ट बसतो, आंघोळीचे पाणी शिरून तो फुगतो, किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचते. हा अडथळ्याचा बहिरेपणा आहे आणि तो बहुतेक वेळा बरा होतो. दुसऱ्यात नळी स्वच्छ असते, पडदाही निरोगी दिसतो, पण आंतरकर्णातल्या ज्या केशपेशी आवाजाचे रूपांतर मज्जातंतूंच्या संदेशात करतात, त्या किंवा श्रवणाची नसच काम करेनाशी होते. गोंधळ असा होतो की रुग्णाला दोन्ही प्रकारांत जवळजवळ सारखेच वाटते. आंतरकर्णाला इजा झालेला माणूससुद्धा ‘कान बंद झाला आहे’ असेच सांगतो. आधीची सर्दी हाताशी असली की सांगणारा आणि ऐकणारा दोघेही सोप्या कारणावर विसावतात.

या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी आम्ही नादकाटा, म्हणजे आपटल्यावर एकच सूर देणारा धातूचा दुहेरी काटा, वापरतो. 512 हर्ट्झचा नादकाटा हलकेच आपटून कपाळाच्या मध्यभागी टेकवला, की अडथळ्याच्या बहिरेपणात आवाज बंद कानाकडे सरकतो आणि नसेच्या बहिरेपणात चांगल्या कानाकडे. घरी नादकाटा नसतो, पण वडिलांना तोंड मिटून ‘हं’ असा लांब सूर काढायला सांगता येईल. तो सूर बंद वाटणाऱ्या कानात मोठा ऐकू आला, तर मळ किंवा पाणी असण्याची शक्यता वाढते, आणि चांगल्या कानात मोठा ऐकू आला, तर काळजी वाढते. आपला निरोगी कान बोटाने बंद करून ‘हं’ करून पाहिल्यास अडथळा आल्यावर सूर कसा सरकतो, हे आपल्यालाही अनुभवता येईल. मात्र वयस्कर माणसाच्या दोन कानांत आधीपासूनच फरक असेल, तर या युक्तीचे उत्तर फसवे निघू शकते. म्हणून काळजी वाढवणारे उत्तर आले तर घाई करण्यासाठी तिचा उपयोग करा, आणि दिलासा देणारे उत्तर आले म्हणून तपासणी टाळू नका.

आता ‘वय झाले’ या स्पष्टीकरणाविषयी, कारण वृद्धांच्या बाबतीत सगळ्यात जास्त नुकसान याच शब्दांनी होताना मी पाहिले आहे. वयोमानाने येणारा बहिरेपणा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, साधारणपणे दोन्ही कानांत सारखा येतो आणि आधी उंच पट्टीच्या आवाजांवर परिणाम करतो. पक्ष्यांचा आवाज हरवतो, लहान मुलांचे बोलणे अस्पष्ट होते, गर्दीतले संभाषण कळत नाही. तो एका रात्रीत, एकाच कानात येत नाही. रात्री चालणारा कान सकाळी बंद असेल, तर रुग्ण 25 वर्षांचा असो की 85 वर्षांचा, कारण शोधलेच पाहिजे. उलट उतारवयात ते अधिक तातडीने शोधावे, कारण दुसरा कानही वयामुळे थोडा कमी झालेला असतो आणि एक गेला की सगळे संभाषण कोलमडते.

एका आजींना त्यांच्या घरच्यांनी माझ्याकडे आणले होते ते ‘आठ दिवसांपासून भ्रमिष्टासारख्या वागतात, विचारलेल्याचे भलतेच उत्तर देतात’ या तक्रारीने. त्यांची स्मृती शाबूत होती. डाव्या कानाने मात्र अजिबात ऐकू येत नव्हते आणि उजवा आधीपासून मंद होता, त्यामुळे त्या अर्धवट ऐकलेल्या शब्दांवरून अंदाजाने उत्तरे देत होत्या. दुसरे एक गृहस्थ बरीच वर्षे श्रवणयंत्र वापरत होते. एके दिवशी यंत्रातून ऐकू येईनासे झाले, तेव्हा सर्वांनी दोष यंत्राला दिला आणि ते दुरुस्तीला पाठवले. यंत्र ठीक असल्याचे कळून ते परत येईपर्यंत दोन आठवडे उलटले होते. तेव्हापासून श्रवणयंत्र वापरणाऱ्या प्रत्येकाच्या घरच्यांना मी सांगत आलो आहे, की यंत्र बंद पडले असे वाटले, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी कानाजवळ धरून चालते का ते आधी पाहा. चालत असेल, तर दुरुस्तीची गरज यंत्राला नाही, कानाला आहे.

ज्या विकाराची मला शंका वाटते, तो म्हणजे अचानक आलेला नसेचा बहिरेपणा, आणि त्याची रूढ व्याख्या अशी आहे: 72 तासांच्या आत, श्रवणतपासणीतल्या लागोपाठच्या किमान तीन वारंवारतांवर (आवाजाच्या पट्ट्यांवर), 30 डेसिबल किंवा त्याहून अधिक श्रवणनाश. कुजबुज साधारण 30 डेसिबलची आणि नेहमीचे बोलणे 60 डेसिबलच्या आसपास असते, यावरून हा फरक किती मोठा आहे ते लक्षात येईल. वृद्धांमध्ये इथे एक अडचण येते. त्यांचा आधीचा ऑडिओग्राम (श्रवणतपासणीचा आलेख) सहसा नसतो, त्यामुळे नवा बहिरेपणा किती आणि जुना किती हे कळत नाही. अशा वेळी दुसऱ्या कानाची श्रवणक्षमता हाच पूर्वीचा मापदंड धरतात. वडिलांची श्रवणतपासणी पूर्वी कधी झाली असेल, नोकरीच्या ठिकाणी झालेली असली तरी, तो कागद शोधून सोबत न्या.

इथे एक गोष्ट मध्येच सांगणे आवश्यक आहे. बहिरेपणासोबत तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, एका वस्तूच्या दोन दिसणे, चेहऱ्याचा अर्धा भाग बधिर होणे, हातापायांत अशक्तपणा येणे, गिळताना त्रास होणे, किंवा उभे राहताच एका बाजूला कोसळण्याइतका तोल जाणे यांपैकी काहीही असेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे जाण्याऐवजी थेट तातडीच्या विभागात जा. आंतरकर्णाला रक्त पुरवणारी धमनी बहुधा मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीची शाखा असते, आणि मधुमेह व रक्तदाब असलेल्या वृद्धांमध्ये पक्षाघाताची सुरुवात क्वचित कान आणि भोवळ यांपासूनच होते. कानात कमालीची वेदना आणि पाळीवर किंवा नळीत पाण्याने भरलेले फोड दिसत असतील, तर तो नागिणीचा प्रकार असू शकतो, आणि त्याचेही उपचार लवकरच सुरू व्हावे लागतात.

असे काही नसेल आणि तपासणीत नसेचा बहिरेपणा ठरला, तर पहिला प्रश्न हमखास येतो: हे झाले कशामुळे? दहातल्या जवळपास नऊ रुग्णांमध्ये ठाम कारण सापडत नाही. विषाणूसंसर्ग, आंतरकर्णाच्या रक्तपुरवठ्यातला खंड, शरीराच्या प्रतिकारशक्तीने स्वतःच्याच पेशींवर केलेला हल्ला अशा उपपत्ती मांडल्या जातात, पण एखाद्या विशिष्ट माणसात त्यांपैकी कोणती लागू आहे हे बहुधा सिद्ध करता येत नाही. उरलेल्यांत मेनिएर विकार (भोवळीचे झटके आणणारा आंतरकर्णाचा आजार), श्रवणनसेवरची सावकाश वाढणारी गाठ आणि काही औषधे ही कारणे निघतात. गेल्या महिन्याभरात वडिलांना काही विशिष्ट प्रतिजैविकांची इंजेक्शने, शिरेतून मोठ्या मात्रेत मूत्रल (लघवी वाढवणारे) औषध, क्विनीन किंवा कर्करोगावरचे औषध दिले गेले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता स्टिरॉइडकडे येतो, कारण आपली खरी चिंता तीच दिसते. याबाबतचा पुरावा जितका भक्कम असावा असे आम्हाला वाटते, तितका तो नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अशा रुग्णांपैकी साधारण एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांना उपचाराविनाही काही प्रमाणात ऐकू येऊ लागते, आणि ही सुधारणा बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांतच होते. त्यामुळे औषधाचा वाटा किती आणि निसर्गाचा किती हे वेगळे काढणे कठीण जाते. तरीही आम्ही स्टिरॉइड देतो. आंतरकर्णातली सूज उतरवण्याची त्यांची क्षमता माहीत आहे, दुसरा अधिक चांगला पर्याय हाती नाही, आणि कायमचा बहिरेपणा व थोड्या दिवसांच्या औषधाचे दुष्परिणाम यांची तुलना केली तर बहुतेकांच्या बाबतीत पारडे औषधाकडे झुकते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने 2019 साली सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही पहिल्या दोन आठवड्यांत स्टिरॉइडचा पर्याय देण्यास वाव ठेवलेला आहे. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्यांची मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम, पण 60 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नाही, अशी 7 ते 14 दिवस देऊन मग हळूहळू उतरवली जाते. त्याहून कितीतरी जास्त मात्रा दिल्याने अधिक फायदा होतो का, हे जर्मनीतल्या एका मोठ्या चाचणीत तपासले गेले आणि तसा फायदा दिसला नाही. हे सगळे आकडे डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून देतो आहे. त्यांवरून घरी औषध सुरू करू नका.

मधुमेह असल्यामुळे स्टिरॉइड घेताच येत नाही, हा समज चुकीचा आहे. मात्र मधुमेह असताना ते बेफिकिरीने घेता येत नाही. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनमुळे साखर दुपारनंतर आणि संध्याकाळी चढते, पहाटे ती बरीच खाली आलेली असते. त्यामुळे केवळ उपाशीपोटी साखर तपासून ‘ठीक आहे’ म्हणणारे लोक फसतात. माझ्या रुग्णांना मी दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणापूर्वी साखर पाहायला सांगतो, आणि मधुमेहाचे औषध देणाऱ्या डॉक्टरांशी पहिल्याच दिवशी बोलून ठेवतो, म्हणजे गरज पडल्यास औषध वाढवता येते व स्टिरॉइड उतरवताना ते परत कमीही करता येते. हा दुसरा भाग विसरला गेला तर साखर एकदम खाली जाते आणि वृद्ध माणसाला ते अधिक धोक्याचे असते. रक्तदाब वाढणे, झोप उडणे, मन अस्वस्थ होणे, पोटात जळजळ होणे हेही संभवते. काचबिंदू, पोटातला व्रण, पूर्वीचा क्षयरोग किंवा आधी कधी स्टिरॉइडमुळे झालेला मानसिक त्रास असेल, तर तो न विचारताही सांगावा.

साखर मुळातच फार अनियंत्रित असेल, तर दुसरा मार्ग आहे. पडदा बधिर करून त्यातून बारीक सुईने स्टिरॉइड मध्यकर्णात सोडतात आणि तिथून ते पातळ पटलातून आंतरकर्णात झिरपते. त्यानंतर तो कान वर करून अर्धा तास, शक्य तितके न गिळता, पडून राहायचे असते. साधारण दोन आठवड्यांत अशी चार इंजेक्शने देतात. ऐकताना हा प्रकार भयंकर वाटतो, पण माझे बहुतेक वयस्कर रुग्ण पहिल्या इंजेक्शननंतर ‘एवढेच होते होय’ असे म्हणतात. क्षणभर भोवळ येते, थोडे दुखते आणि क्वचित पडद्याला राहिलेले छिद्र बहुधा आपोआप भरते. औषध बाकी शरीरात फारच कमी जाते, हा मधुमेही रुग्णाच्या दृष्टीने मोठा लाभ आहे. 2011 साली 250 रुग्णांवर प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात गोळ्या घेणाऱ्यांच्या आणि इंजेक्शने घेणाऱ्यांच्या ऐकण्यातली दोन महिन्यांनंतरची सुधारणा जवळजवळ सारखीच होती. गोळ्यांनी फरक पडला नाही, तर दुसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यानही ही इंजेक्शने देऊन पाहतात. काही ठिकाणी जास्त दाबाच्या प्राणवायूचा उपचार स्टिरॉइडच्या जोडीने देतात. तो सर्वत्र मिळत नाही आणि प्रत्येकाला झेपतही नाही.

याउलट विषाणूविरोधी औषधे, रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे आणि रक्ताच्या गाठी विरघळवणारी औषधे यांचा नेहमीच्या उपचारात समावेश करू नये, असे अमेरिकी अकादमीच्या त्याच सूचना स्पष्टपणे सांगतात. वडील हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून घेत असतील, तर ती मात्र स्वतःहून बंद करू नये. कानात तेल, कोमट पाणी किंवा आणखी कसलेही थेंब घालणे तपासणी होईपर्यंत थांबवा, कारण पडदा शाबूत आहे की नाही हेच अजून आपल्याला माहीत नाही.

एमआरआय सांगितला तर घाबरू नका. श्रवणनसेवर गाठ नाही ना, एवढे पाहण्यासाठी तो करतात. ती गाठ थोड्याच रुग्णांत सापडते आणि कर्करोगाची नसते. औषधाने ऐकू येऊ लागले तरी ही तपासणी सोडू नये, कारण गाठ असलेल्या काही जणांचे ऐकणेही स्टिरॉइडने तात्पुरते सुधारते. पेसमेकर असेल किंवा मूत्रपिंडे कमजोर असतील, तर ते आधी सांगावे. एमआरआय शक्य नसल्यास श्रवणनसेचा आलेख काढणारी तपासणी हा पर्याय आहे. एमआरआयसाठी उपचार मात्र रोखून धरू नयेत.

राहिला वेळ मिळवण्याचा प्रश्न. ‘वडिलांना कमी ऐकू येते’ असे सांगितले, तर स्वागतकक्षातली व्यक्ती साहजिकच पुढची तारीख देईल, कारण तिच्याकडे असे फोन दिवसभर येत असतात. त्याऐवजी सुरुवात झाल्याची तारीख सांगा: ‘अमुक तारखेला सकाळी उठल्यापासून एका कानाने अचानक ऐकू येत नाही, आज पाच दिवस झाले, कान दुखत नाही.’ ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेच्या 2018 च्या सूचनांनुसार, गेल्या 30 दिवसांत अचानक आलेला आणि बाह्य किंवा मध्यकर्णातल्या कारणाने स्पष्ट न होणारा बहिरेपणा असेल, तर रुग्णाला 24 तासांत तज्ज्ञांनी पाहावे. तरीही लवकर वेळ मिळाली नाही, तर ज्या रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे तिथे वेळ न घेता जा, किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना कानात दुर्बिणीने पाहून नादकाटा लावण्याची आणि स्वतः फोन करून तज्ज्ञांशी बोलण्याची विनंती करा. श्रवणतपासणी स्वतंत्र केंद्रात आधी होत असेल, तर तो आलेख हातात घेऊन गेल्यास पुढचे काम फार सोपे होते. कानात मळ निघाला तर तो काढल्यानंतर पुन्हा ऐकून पाहायला सांगा. मळ आणि नसेचा बहिरेपणा एकाच कानात एकत्र असू शकतात, आणि मळ दिसला म्हणून शोध तिथेच थांबवण्याची चूक अनुभवी हातांकडूनही होते.

ऐकू येणे किती परत येईल, हे मला सांगता येणार नाही. साठीपुढचे वय, सोबत गरगरणारी भोवळ आणि सुरुवातीलाच जवळजवळ पूर्ण बहिरेपणा असेल, तर आशा कमी असते. केवळ खर्जातले आवाज गेले असतील, तर ती बरीच जास्त असते. पहिल्या दोन आठवड्यांत काहीतरी हालचाल दिसली, तर ते चांगले लक्षण आहे. उपचार संपल्यावर आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत पुन्हा श्रवणतपासणी करून घ्या. तोवर ऐकणे पुरेसे परतले नाही, तर श्रवणयंत्र, बंद कानाकडचा आवाज चांगल्या कानात पोहोचवणारे यंत्र, हाडातून आवाज नेणारे साधन आणि निवडक रुग्णांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायचे श्रवणयंत्र) हे मार्ग आहेत. शेवटच्यासाठी 71 हे वय आड येत नाही.

या दिवसांत त्यांच्याशी बोलताना डाव्या बाजूला बसा, चेहरा उजेडात ठेवा आणि सावकाश बोला, पण ओरडू नका. इजा झालेल्या आंतरकर्णाला मंद आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज असह्य होतो, त्यामुळे ओरडण्याने त्यांचा त्रासच वाढेल. एका कानाने ऐकताना आवाज कुठल्या दिशेने येतो हे कळत नाही, म्हणून रस्ता ओलांडताना त्यांच्या उजव्या बाजूला कुणीतरी असावे. कानातली शिट्टी रात्रीच्या शांततेत मोठी वाटते आणि ‘आता हे असेच राहणार’ या भीतीने वृद्ध माणूस आतल्या आत खचतो. ती भीती ते बहुधा आपल्याला बोलून दाखवणार नाहीत, म्हणून आपणच विचारा. तपासणीनंतर ऑडिओग्रामचे आकडे इथे लिहिलेत, तर त्यांचा अर्थ मी अवश्य समजावून सांगेन.